स्लेक : तहान, चुना आणि ढेकूळ

इंग्रजीतील ‘स्लेक’ या क्रियापदाचा पहिला अर्थ तहान भागवणे. उच्चार ‘केक’ आणि ‘लेक’ यांच्या चालीवर, ‘ए’ लांबवून करायचा. भूतकाळी रूप लिहिताना ‘स्लेक्ड’ दिसते, पण बोलताना शेवटी ‘ट’ ऐकू येतो. रूपे नियमित असल्याने पाठ करण्यासारखे काही नाही. मराठी माध्यमातून शिकलेल्या अनेकांची या शब्दाशी पहिली गाठ इंग्रजीच्या तासाला पडत नाही, विज्ञानाच्या पुस्तकात ‘स्लेक्ड लाइम’ म्हणजे विरी गेलेला चुना म्हणून पडते. पुढे कधीतरी एखाद्या कादंबरीत तहानेच्या संदर्भात तोच शब्द येतो आणि वाचणारा अडखळतो. चुना आणि तहान यांचा मेळ कसा बसायचा?

हा मेळ शब्दाच्या मुळाशी बसतो. जुन्या इंग्रजीत सैल, ढिला, मंद अशा अर्थाचे एक विशेषण होते. त्याचेच आजचे रूप ‘स्लॅक’, आणि त्यापासून बनलेले क्रियापद ‘स्लेक’. लॅटिनमधील सैल या अर्थाचा शब्द याच कुळातला. ‘रिलॅक्स’ त्याच्यापासून आला. म्हणजे ‘स्लेक’च्या मूळ अर्थात पाणी नव्हतेच. जोर ओसरणे, ताण सैल पडणे, चढलेले उतरणे एवढेच होते. वेदना, वादळ, राग यांच्याबाबतही हे क्रियापद वापरत. तहान भागवण्याचा अर्थ चौदाव्या शतकापर्यंत रुळला आणि हळूहळू बाकीच्यांना मागे सारून पुढे आला. शेक्सपिअरच्या ‘हेन्री द सिक्स्थ’च्या तिसऱ्या भागात सूडाने पेटलेला क्लिफर्ड जे बोलतो त्यात या क्रियापदाचे कर्म राग आहे, तहान नाही. आजच्या वाचकाला तो प्रयोग जुना वाटला तरी कळतो, कारण ओसरण्याचा मूळ भाव शब्दातून गेलेला नाही. तो धरून ठेवला की पुढचे सगळे अर्थ एका माळेत येतात.

आजच्या वापरात पहिली अट कर्माची आहे. ‘स्लेक’चे कर्म तहान असते. पिणारा माणूस किंवा प्यायलेले पेय हे त्याचे कर्म होत नाही. ‘ही स्लेक्ड हिज थर्स्ट विथ बटरमिल्क’ हे बरोबर. ‘ही स्लेक्ड बटरमिल्क’ हे चूक, कारण ताक भागत नाही, तहान भागते. कर्ता मात्र दोन प्रकारचा चालतो. पिणाऱ्यालाही कर्ता करता येते आणि पेयालाही : ‘द बटरमिल्क स्लेक्ड हिज थर्स्ट’. कशाने भागवली हे सांगायला ‘विथ’ येते, कुठे भागवली हे सांगायला ‘ॲट’, म्हणजे झऱ्यावर, विहिरीवर, पाणवठ्यावर. शिवाय तहानेला बहुधा धनी लागतो. त्याची, तिची, गुरांची, शहराची असे काहीतरी पुढे असले की वाक्य इंग्रजी वाटते.

मराठी माणसाची चूक जिथे हमखास होते ती जागा वेगळीच आहे. मराठीत तहान आपोआप भागते. ‘ताक प्यायलो आणि तहान भागली’ या वाक्यात भागवणारा कोणी दाखवावा लागत नाही, ‘भागणे’ अकर्मक आहे. याच घडणीवर ‘माय थर्स्ट स्लेक्ड’ असे वाक्य लिहिले जाते आणि ते आजच्या इंग्रजीत उभे राहत नाही. तिथे एक तर ‘माय थर्स्ट वॉज स्लेक्ड’ असा कर्मणी प्रयोग हवा, नाही तर भागवणारा कर्ता तरी हवा. ‘स्लेक’चा अकर्मक वापर जुन्या इंग्रजीत भरपूर होता. तहानेपुरता तो संपला, चुन्याच्या आणि मातीच्या बाबतीत अजून टिकून आहे.

‘क्वेंच’ हा या शब्दाचा सख्खा शेजारी. शब्दकोश दोघांना समानार्थी म्हणतात आणि तहानेपुरते ते खरेही आहे. पण ‘क्वेंच’चा मूळ धंदा आग विझवण्याचा. जुन्या इंग्रजीतही त्याचा अर्थ ज्वाळा किंवा दिवा मालवणे असाच होता. तहानेकडे तो नंतर वळला. म्हणून आशा, उमेद, बंड, उत्साह यांच्यावर पाणी ओतायचे असेल तर ‘क्वेंच’ चालतो, ‘स्लेक’ चालत नाही. आशेला ‘स्लेक’ करता येत नाही, कारण आशा ही भागवायची गोष्ट नाही. उलट वखवख, हाव, सूडाची ओढ अशा भुकेच्या जातीच्या गोष्टींना दोन्ही लागतात. त्यातही छटा उरते. ‘क्वेंच’मध्ये गोष्ट संपवल्याचा सूर आहे, ‘स्लेक’मध्ये तेवढ्यापुरती शांत केल्याचा. पुन्हा डोके वर काढणाऱ्या इच्छांसाठी दुसरा शब्द अधिक नेमका, असे म्हणायला हरकत नाही, मात्र सगळेच इंग्रज लेखक हा भेद काटेकोर पाळतात असे समजू नये.

‘क्वेंच’चे आणखी काही उद्योग आहेत आणि तिथे ‘स्लेक’ला अजिबात प्रवेश नाही. लोहार लालबुंद केलेले पाते पाण्यात बुडवतो. आपल्याकडे त्याला हत्याराला पाणी देणे किंवा पाजणे म्हणतात, इंग्रजीत ‘क्वेंच’. झटक्यात थंड झालेले पोलाद कठीण होते पण ठिसूळही, म्हणून नंतर ते बेताच्या उष्णतेवर पुन्हा तापवून थोडे मऊ करावे लागते. मराठीत पोलादाला पाणी पाजतात हे खरे, तरी त्या मोहाने तहानेचा ‘स्लेक’ तिथे लावू नये. दवाखान्यातल्या एमआरआय यंत्राच्या खोलीत भिंतीवर ‘क्वेंच’ लिहिलेले आणीबाणीचे बटण असते. त्या यंत्रातील अतिवाहक चुंबक उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडालेले असते. बटण दाबले की चुंबकाची अतिवाहकता मोडते, हेलियम उकळून नळीवाटे बाहेर जातो आणि चुंबकीय क्षेत्र ओसरते. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील महाकाय कण-त्वरकात १९ सप्टेंबर २००८ रोजी बिघाड झाला, तेव्हाच्या वृत्तांतही ‘क्वेंच’ हाच शब्द होता. अतिवाहकाचा ‘क्वेंच’ हा आता रूढ तांत्रिक शब्द आहे, त्याला पर्याय शोधण्याचे कारण नाही.

तहानेच्या पलीकडे ‘स्लेक’ कुतूहल, वासना, सत्तेची हाव, बदल्याची इच्छा यांच्याशी जमते. भुकेशीही जमते, पण तिथे ‘सॅटिस्फाय’ अधिक सहज वाटते. भीतीशी जमत नाही, भीतीसाठी ‘अले’ आहे. दुःख आणि अपराधी भावना यांना ‘अस्वेज’ लागते, रुसलेल्या देवाला किंवा चिडलेल्या शेजारी राष्ट्राला ‘अपीझ’. या चौघांना समानार्थी म्हणून एका ओळीत पाठ करण्याची जी सवय स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांनी लावली आहे ती लिहिताना फसवते. परीक्षेत पर्याय बरोबर येतो, वाक्य चुकते.

शब्दाचा रुबाबही सांभाळावा लागतो. ‘स्लेक’ हा पुस्तकी, थोडा जुन्या वळणाचा शब्द आहे. इंग्रजी घरात मूल खेळून आले तर आई त्याला हा शब्द वापरून पाणी प्यायला सांगणार नाही. औषधाच्या पुड्यावर, सरकारी सूचनेत, प्रवासी माहितीपत्रकात तो उपरा वाटतो. कथा-कादंबरी, प्रवासवर्णन, निबंध ही त्याची घरे. कोलरिजच्या ‘द राइम ऑफ द एन्शंट मरिनर’ या १७९८ सालच्या काव्यात तहानेने कोरडे पडलेले घसे सांगताना याच क्रियापदापासून बनलेले नकारार्थी विशेषण घशाला लावले आहे. गद्यात कोणी असे घशाला लावले तर संपादक पेन्सिल उचलेल, कवितेला ती सूट आहे. मथळ्यांत मात्र हा शब्द आवडीने घेतला जातो, कारण तो आखूड आहे.

जाहिरातीचा एक प्रसंग पाहावा. कोकम सरबताच्या बाटलीवर ‘तहान भागवणारे’ असे लिहिले आहे आणि त्याचे इंग्रजी करायचे आहे. येथे ‘थर्स्ट-क्वेंचिंग’ हा तयार, रुळलेला शब्द आहे, नामाला ‘थर्स्ट-क्वेंचर’ आहे. ‘थर्स्ट-स्लेकिंग’ व्याकरणाने चुकीचे नाही, पण कानाला ते कोणीतरी शब्दकोशातून काढून आणल्यासारखे लागते. न भागणाऱ्या तहानेसाठीही ‘अनक्वेंचेबल’ हाच शब्द पुढे असतो. ‘स्लेक’पासून बनणारे तसले विशेषण अस्तित्वात आहे, वापरात क्वचित.

मराठीतून इंग्रजीत जाताना आणखी एक खाच आहे. मराठी वर्तमानपत्रांना तहानेचे रूपक फार प्रिय. ‘मुंबईची तहान भागवणारे सात तलाव’ हे वाक्य दर पावसाळ्यात छापून येते : अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन धावलेल्या ‘जलदूत’ रेल्वेच्या बातम्यांतही लातूरची तहानच होती. इंग्रजी बातमीत हेच रूपक प्रत्येक वेळी नेले तर मजकूर फुगतो. साध्या बातमीत तलाव मुंबईला पाणी पुरवतात, एवढे पुरे. मथळ्यात ‘क्वेंच’ खपतो. दुष्काळावरच्या एखाद्या सविस्तर लेखात, जिथे भाषेला जरा वजन आहे, तिथे ‘स्लेक’ शोभतो. ‘दुधाची तहान ताकावर भागवणे’ या म्हणीचे इंग्रजी करताना तर दोन्ही बाजूला ठेवावेत. तिथे मुद्दा तहानेचा नाही, मिळेल त्यावर निभावून नेण्याचा आहे.

उलट दिशेचा प्रवास अधिक नाजूक. इंग्रजीत एका क्रियापदावर जे भागते त्यासाठी मराठीत प्रत्येक वेळी नवा शब्द लागतो. तहान भागवतात, कुतूहल आणि वासना शमवतात, हौस फेडतात, राग शांत करतात, सूड उगवतात. ‘त्याने सूडाची तहान भागवली’ हे कळते, पण मराठी लेखक ते सहसा लिहिणार नाही, ‘सूड उगवला तेव्हा कुठे त्याचा जीव निवला’ असे लिहील. ‘तहान बुझवणे’ हा प्रयोग अलीकडे ऐकू येतो, तो हिंदीचा. आणि ‘तहान मेली’ याला ‘स्लेक’ लावणे तर उलटाच अर्थ देते. उन्हातून खूप वेळ चालल्यावर पाणी न पिताच तहान मरते, ती भागलेली नसते.

हिंदीचा उल्लेख येथे केवळ चूक दाखवण्यापुरता नाही. हिंदीत आग बुझते, तहान बुझते आणि चुनाही बुझतो, ‘बुझा चूना’ हा तिकडचा नेहमीचा शब्द. जर्मन भाषेतील ‘ल्योशन’ हे क्रियापदही आग, तहान आणि चुना ही तिन्ही कामे करते. इंग्रजीने आग ‘क्वेंच’कडे ठेवली, चुना ‘स्लेक’कडे दिला, तहान दोघांत वाटली. मराठीने तिन्हींना वेगवेगळी क्रियापदे दिली : आग विझते, तहान भागते, चुना विरतो. त्यामुळे हिंदी भाषकाला ‘स्लेक्ड लाइम’मधली तहान लगेच जाणवते, मराठी भाषकाला ती कोणी दाखवावी लागते.

चुना विरताना पाहिला की शब्द पक्का बसतो. चुनखडी भट्टीत ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, उरतो. इंग्रजीत त्याला ‘क्विकलाइम’ म्हणतात, त्यातल्या ‘क्विक’चा जुना अर्थ ‘जिवंत’. या पांढऱ्या खड्यावर पाणी शिंपडले तर ते आधी नुसते आत शोषले जाते. थोड्या वेळात खडा तडकतो, भेगांतून वाफ निघते, फसफस होते, आणि हातात धरण्याजोगा कठीण खडा फुगून, फुटून भुगा होतो. ५६ ग्रॅम कळीचा चुना १८ ग्रॅम पाणी घेऊन ७४ ग्रॅम विरी गेलेला चुना देतो. पाणी वर राहत नाही, ते चुन्याच्या घडणीतच जाते. हे होताना निघणारी उष्णता पाणी उकळवू शकते. म्हणून कळीचा चुना घरी विरवताना चुना पाण्यात थोडाथोडा टाकावा, डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे असावेत, मुलांना जवळ येऊ देऊ नये. कळीच्या चुन्याचा कण डोळ्यात गेला तर इजा गंभीर होते.

सतराव्या शतकात इंग्रजीने या कृतीला ‘स्लेक’ हे नाव दिले. चुन्याची तहान भागली असे म्हणावे की खडा सैल पडून विरला असे म्हणावे, दोन्ही चालते, कारण शब्दाच्या पोटात दोन्ही आहेत. मराठी ‘विरणे’ दुसऱ्या बाजूने गेले, विणीतले सूत सुटावे तसा सुटणे हा त्याचा भाव, आणि तो ‘स्लेक’च्या जुन्या अर्थाला हिंदीच्या ‘बुझणे’पेक्षा जास्त जवळचा.

या अर्थाने वापरताना काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. चुन्याच्या बाबतीत अकर्मक वाक्य चालते, ‘द लाइम स्लेक्स’ हे निर्दोष आहे. अमेरिकी शब्दकोशांत या अर्थापुरता ‘स्लॅक’ असा उच्चारही नोंदलेला सापडतो, तो चुकीचा समजू नये. हवेतल्या दमटपणाने पोत्यातच विरून गेलेल्या चुन्याला ‘एअर-स्लेक्ड’ म्हणतात. पाणी बेताने घालून केलेली कोरडी पूड बाजारात ‘हायड्रेटेड लाइम’ या नावाने मिळते. पाणी भरपूर घालून मुरवलेला लोण्यासारखा चुना म्हणजे ‘लाइम पुटी’. पानाच्या डबीतला आणि तंबाखूत मळायचा चुना विरी गेलेलाच असतो. ‘अनस्लेक्ड लाइम’ असे लिहिलेले पोते कळीच्या चुन्याचे असते, तिथे भाषांतरातली चूक अंगाशी येऊ शकते. प्रयोगशाळेतील चुन्याची निवळी म्हणजे विरी गेलेल्या चुन्याचे वरचे स्वच्छ पाणी, इंग्रजीत ‘लाइमवॉटर’, त्याच्या नावात ‘स्लेक’ येत नाही.

मृदाशास्त्रात आणि भूगर्भशास्त्रात ‘स्लेकिंग’चा अर्थ याच ओळीतला. कोरडे ढेकूळ जाळीवर ठेवून पाण्याने भरलेल्या बरणीत सोडले तर पाणी चहूकडून आत घुसते, छिद्रांतली हवा कोंडते, दाबली जाते आणि ढेकूळ आतून फोडते. सेंद्रिय पदार्थ आणि मुळे असलेल्या मातीचे ढेकूळ बराच वेळ टिकते, खंगलेल्या मातीचे काही मिनिटांत गाळ होऊन बरणीच्या तळाशी बसते. पहिल्या पावसात नांगरटीची ढेकळे विरतात ते असे, काळ्या जमिनीत चिकणमातीच्या फुगण्याची त्यात भर पडते. बरणीतल्या त्या चाचणीला ‘स्लेक टेस्ट’ म्हणतात.

खडकांसाठी फ्रँकलिन आणि चंद्रा यांनी १९७२ साली मांडलेली ‘स्लेक ड्युरेबिलिटी’ चाचणी बोगदे, डोंगरकडे आणि रस्त्यांचे कापलेले उतार यांच्या कामात वापरली जाते. खडकाचे ४० ते ६० ग्रॅमचे दहा तुकडे दोन मिलिमीटर भोकांच्या जाळीच्या पिंपात घालून, पिंप अर्धवट पाण्यात ठेवून मिनिटाला २० फेऱ्यांनी दहा मिनिटे फिरवतात. मग वाळवून वजन करतात. जाळीत किती टक्के उरले यावर खडकाची प्रत ठरते. शेल आणि मडस्टोन हे खडक यात चटकन हरतात. दख्खनच्या बेसाल्टमध्ये दोन लाव्हाप्रवाहांच्या मध्ये सापडणारे तांबडे मऊ थर खोदकामात उघडे पडले की हवापाण्याने झिजू लागतात, त्यांची चिंता अभियंत्यांना असते ती यासाठीच. अशा अहवालाचे मराठी करताना शब्दकोशातला पहिला अर्थ उचलला तर ‘तहान-टिकाऊपणा’ असले काहीतरी निघेल. ‘पाण्यात न विरण्याची क्षमता’ असे लिहावे, आणि कंसात टक्केवारी द्यावी.